‘बुडणे’ आणि ‘डुंबणे’ : हिंदीभाषक अध्येत्यांच्या मराठी अध्यापनातील एक प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील सौंदडसारख्या गावी मराठी व हिंदी शेजारी नांदतात. हा मुलूख तलावांचा. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तरी ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव राहिले. पाण्याशी असा नित्य संबंध असलेल्या प्रदेशात हिंदीभाषक विद्यार्थ्याला ‘बुडणे’ हे क्रियापद शिकविताना केवळ ‘डूबना’ हा पर्याय देऊन थांबणे धोक्याचे ठरते.

दोन्ही क्रियापदांचे मूळ एकच. प्राकृत ‘बुड्ड’पासून मराठी ‘बुड-’ सरळ आले. हिंदी ‘डूब-’ वर्णविपर्ययाने सिद्ध झाले. (जुना ‘बूड़ना’ हिंदीत आहेच.) परंतु मराठीत ‘डुंबणे’ हे वेगळे क्रियापद असून त्याचा अर्थ पाण्यात मनसोक्त खेळणे असा आहे. ‘पोरे तलावात डुंबत आहेत’ हे वाक्य ऐकून हिंदीभाषक हादरेल. याउलट प्रसंग अधिक गंभीर. बुडणाऱ्या मुलाविषयी त्याने ‘डुंबतोय’ असे सांगितले, तर ऐकणारा मराठी माणूस जागचा हलणार नाही. म्हणून ही जोडी पहिल्याच पाठात आली पाहिजे. म्हणी मागाहून आल्या तरी चालतील.

दुसरी अडचण अर्थाच्या पूर्णत्वाची. ‘तो बुडाला’ या वाक्यात मृत्यू बहुधा सूचित असतो, उक्त नसतो. ‘बुडाला, पण लोकांनी बाहेर काढून वाचविला’ असेही म्हणता येते. वृत्तपत्रे ‘बुडून मृत्यू’ असे लिहितात ते यामुळेच. इंग्रजीत माणसाच्या बुडण्याला एक आणि जहाजाच्या बुडण्याला दुसरे क्रियापद लागते. मराठीत माणूस, जहाज, धंदा, सारेच ‘बुडते’.

लाक्षणिक प्रयोगांत पैसे बुडणे, नाव बुडविणे हे हिंदीतून सहज उतरतात. ‘शाळा बुडविणे’ मात्र उतरत नाही, आणि ‘दिल डूबना’साठी मराठीला ‘काळीज खचणे’कडे वळावे लागते. ‘बुडत्याला काडीचा आधार’ हिंदीत ‘तिनके’च्या रूपाने ओळखीचा आहे, ‘बुडत्याचा पाय खोलात’ तसा नाही. पहिलीत आशा आहे, दुसरीत संकटग्रस्ताचे आणखी खोल जाणे. पाठ्यपुस्तकांत या दोन म्हणी लागोपाठ छापण्याची प्रथा सोयीची असली, तरी अध्येत्याच्या मनात गोंधळ माजविते. ‘पाण्यात पाहणे’चा तर बुडण्याशी संबंधच नाही, तो द्वेषाचा वाक्प्रचार आहे. ‘बुडीत क्षेत्र’ हा शब्द मात्र इटियाडोह धरणाच्या परिसरातील विद्यार्थ्याला शब्दकोशाविना कळतो.