केस गळणे आणि रक्तातील लोह

नवीन गावी बिऱ्हाड केले की केस गळण्याचे खापर आधी तिथल्या पाण्यावर फुटते. हावड्यात राहणाऱ्या भगिनींनो, पाण्याला दोष देऊन तेल बदलण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पश्चिम बंगालमधील १५ ते ४९ वयाच्या ७१.४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के, तोही काही कमी नाही.

केसांच्या मुळांतील पेशी फार वेगाने वाढतात आणि त्यांना लोह लागते. साठा कमी पडला की शरीर आधी रक्ताची गरज भागवते, केस मागे राहतात. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळत असल्यास लोहाबरोबर थायरॉईडही तपासावे. बाळंतपण किंवा मोठा ताप झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते, तोवर कारण आपण विसरलेले असतो.

केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. ते १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. तो फेरिटिनच्या चाचणीत कळतो. उलटही घडते. बंगालमध्ये थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन कमी दिसते, पण लोह पुरेसे असू शकते. अशा स्त्रीने शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, तर नको असलेले लोह शरीरात साठते. म्हणून आधी चाचणी, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी.

हावड्याच्या बाजारात ‘लाल शाक’ मिळते, तो आपला लाल माठच. त्याच्या भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. अळिवाचे लाडूही चांगले. जेवणाला लागून चहा मात्र नको, मग तो मातीच्या भांड्यातला कितीही चवदार असो. तो लोह शोषू देत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि तीन वेळा चहा, यातून लोह जवळजवळ मिळतच नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर तो संकोच न करता डॉक्टरांना सांगावा. आणि सगळ्यांना वाढून उरेल तेवढेच खाणे, याला सेवा म्हणू नये. हावडा जिल्ह्यातच बेलूर मठ उभारणाऱ्या स्वामी विवेकानंदांनी दुर्बलतेला कधीच साधना मानले नाही.

साठा भरला तरी केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतात. फरक दिसायला काही महिने लागतील. तोवर डॉक्टरांना न विचारता गोळ्या मध्येच सोडू नका.