मालवणच्या वाळूतून हम्प्ता खिंडीकडे

हिमालयातल्या पहिल्या ट्रेकसाठी सिंधुदुर्गातून कुणी विचारलं, की मी हम्प्ता खिंडीचं नाव सुचवतो. हिमाचलातल्या कुलू खोऱ्यातून चढून लाहौलच्या खोऱ्यात उतरणारी ही वाट चार-पाच दिवसांची आहे. दोर-कुऱ्हाडीचं गिर्यारोहण यावं लागत नाही. वाटाडे, स्वयंपाकी आणि तंबू आयोजकांचे असतात. खिंडीची उंची सुमारे ४,२७० मीटर, म्हणजे १४ हजार फूट.

हा आकडा मात्र नीट समजून घ्या. मालवण बंदर समुद्रसपाटीला. आपल्या जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाण आंबोली, तेही सुमारे ७०० मीटरवर. खिंड आंबोलीच्या सहापट उंच आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्याच्या जेमतेम ६० टक्के असतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. चढाईसाठी लागणारे पाय सिंधुदुर्गात तयार करता येतात, पण विरळ हवेची सवय इथे बसून होत नाही. ती उंचीवर दिवस काढूनच होते. म्हणून पायांना तीन महिने द्या आणि उंचीला जास्तीचे दिवस द्या. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करायचं आहे.

केव्हा जायचं

हम्प्ताचा हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांना हा काळ सोयीचा पडतो. मेअखेरीस मालवणच्या किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा बंद होतात, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होमस्टेला गिऱ्हाईक कमी असतं. पण जुलैत शेतात लावणी असते आणि हिमालयाच्या दक्षिण उतारांवर पाऊसही जोरात असतो. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि चंद्रतालच्या तंबूंत पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले. मग उरतात दोन मोसम: जूनचा उत्तरार्ध, किंवा गणपती विसर्जनानंतरचा सप्टेंबर. जूनमध्ये खिंडीत बर्फ भरपूर, त्यामुळे चाल संथ. सप्टेंबरात बर्फ कमी, आकाश स्वच्छ, रात्री कडक थंड. पहिल्या ट्रेकला मी सप्टेंबर सुचवेन. गणपती उशिरा आले, तर जूनच धरा.

खिंडीच्या दोन बाजूंचं हवामान आपल्या घाटमाथ्यासारखंच दुभंगलेलं आहे. आंबोलीत धो धो पाऊस असताना आजऱ्याच्या पुढे पूर्वेला सरकलं की तो कमी होत जातो. तसंच पीर पंजालची रांग पावसाळी ढग कुलूच्या अंगाला अडवते आणि पलीकडे लाहौल कोरडा राहतो. सकाळी हिरव्या कुरणांतून निघून दुपारी उघड्याबोडक्या, तांबूस-करड्या डोंगरांत उतरायचं, हे या वाटेचं खरं वैभव आहे.

पाय घरच्या डोंगरात तयार करा

बारा आठवडे हाताशी ठेवा. आठवड्यातले चार दिवस रोज तास-दीड तास चाला किंवा पळा. तारकर्ली ते देवबाग हा वाळूचा पट्टा त्यासाठी उत्तम. सुरुवात ओल्या, घट्ट वाळूवर करा. महिनाभरानंतर थोडं अंतर कोरड्या, भुसभुशीत वाळूत चाला, म्हणजे पोटऱ्या आणि घोटे बळकट होतात. निघण्याआधी सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर अंतर ३५ ते ४० मिनिटांत न थांबता पळता आलं, तर दम पुरेसा आहे असं समजा.

दर रविवारी मात्र डोंगर हवाच, कारण वाळूत उतरण नसते आणि हिमालयात गुडघे दुखतात ते उतरतानाच. नारूरहून रांगण्याची चढाई सरावाला चांगली. कोकणातून थेट घाटमाथ्यावर नेणारी ही वाट तीन-चार तासांची आहे. शिवापूर किंवा शिरशिंग्याहून मनोहर-मनसंतोषगडही करता येतो. या गडांवर गावातला माहीतगार बरोबर घ्या, कारण रानातल्या ढोरवाटा चकवतात. पाठीवर पहिल्या रविवारी पाच किलो वजन घ्या आणि शेवटच्या रविवारी नऊ-दहा किलोपर्यंत वाढवत न्या. पाण्याच्या बाटल्या भरल्या की वजन सहज जमतं, आणि उतरताना ओझं नको असेल तर पाणी ओतून देता येतं.

जूनला जायचं असेल तर सराव मार्च ते मे या उकाड्यात पडतो. उजाडायच्या आत चढायला लागा आणि दहाच्या आत सावली गाठा. सप्टेंबरच्या बेतासाठी सराव पावसाळ्यात येतो. तेव्हा निसरड्या कातळावरच्या वाटा, भरलेले ओढे आणि जळवा यांचा विचार करून गड सोडा आणि घाटातल्या मळलेल्या वाटा धरा. ट्रेकचे बूट याच सरावात वापरून मऊ करा. कोरे बूट घालून मनालीला उतरणाऱ्याच्या टाचेला दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि पुढची सगळी वाट त्या फोडावरून मोजावी लागते.

वाट, दिवसागणिक

कुडाळ किंवा सावंतवाडीहून रेल्वेने, नाहीतर मोपाहून विमानाने दिल्ली गाठा. तिथून रात्रीच्या बसने मनाली.

पहिला दिवस मनालीत, सुमारे २,०५० मीटरवर. बसमधून उतरून त्याच सकाळी ट्रेकच्या गाडीत बसायचा बेत बरेच जण करतात, तो टाळा. इथे एक पूर्ण दिवस आणि रात्र काढा. दुपारी हळूहळू फिरा, भरपूर पाणी प्या.

दुसऱ्या दिवशी प्रिणी गावावरून वळणावळणाच्या रस्त्याने गाडी जोब्रापर्यंत जाते. तिथून देवदार आणि मेपलच्या सावलीत राणी नाल्याच्या कडेने दोन-तीन तासांची सोपी चाल, आणि मुक्काम चिका, साधारण ३,१०० मीटर.

तिसरा दिवस बालू का घेरा, सुमारे ३,६०० मीटर. झाडं मागे पडतात, दगडगोटे आणि कुरणं सुरू होतात. मेंढ्यांचे कळप घेऊन आलेले गद्दी मेंढपाळ वाटेत भेटतात. त्यांचे कुत्रे राखणदार असतात, कळपाला लांबून वळसा घाला.

चौथा दिवस खिंडीचा. आठ ते दहा तास चालायची तयारी हवी. पहाटे निघून दुपारच्या आत माथा ओलांडायचा, कारण दुपारनंतर ढग भरतात. माथ्यावर आकाश मोकळं असेल तर ६,२२१ मीटरचं इंद्रासन आणि ६,००१ मीटरचं देव टिब्बा दिसतं. पलीकडची उतरण तीव्र आहे. बर्फ असेल तर टाच रोवत, वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाकत उतरा. मुक्काम शिया गोरू, सुमारे ३,९०० मीटर.

पाचव्या दिवशी चंद्रा नदीकाठच्या छत्रूला उतरायचं. रस्ता खुला असेल तर तिथून गाडीने चंद्रताल पाहून येता येतं. हे सरोवर २००५ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. काठावर तंबू लावायला मनाई आहे, पाण्यात साबण किंवा खरकटं जाऊ देऊ नका. परतीला २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यातून मनाली गाठता येते.

जोब्राच्या पुढे फोनला रेंज मिळेल असं धरू नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते तुमच्या फोनची वाट पाहत बसतील.

उंचीचं दुखणं

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, झोप न लागणं ही उंची बाधल्याची लक्षणं आहेत. धडधाकट माणसालाही ती होतात. रोज पोहणारा, डुबकी मारणारा मालवणी तरुण यातून सुटत नाही, कारण दम भरपूर असणं आणि शरीराला विरळ हवेची सवय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट ताकदवान माणूस घाईने चढतो आणि लवकर सापडतो.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांमागे एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. वरचा कार्यक्रम या मर्यादेच्या काठावरच बसतो. म्हणून मनालीतली रात्र सोडायची नाही, आणि जमलं तर बालू का घेराला एक रात्र वाढवायची.

तीन नियम पाठ करा. उंचीवर काहीही दुखलं तर आधी उंचीचाच संशय घ्यायचा. लक्षणं असताना वर चढायचं नाही. लक्षणं वाढत असतील तर रात्र असली तरी खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, सरळ रेषेत चालता न येणं किंवा असंबद्ध बोलणं म्हणजे जिवाशी गाठ. सकाळ होण्याची वाट पाहू नका. अॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अॅलर्जी, रक्तदाब, दमा असेल तर हे विचारल्याशिवाय निघूच नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

दुखत असेल तर वाटाड्याला लगेच सांगा. मंडळी काय म्हणतील या संकोचाने गप्प बसलेला माणूस सगळ्या तुकडीला अडचणीत आणतो.

ओढा ओलांडताना

बर्फ वितळून येणारा ओढा समुद्रासारखी रोजची भरती-ओहोटी पाळतो. पहाटे पाणी घोट्याशी, ऊन चढलं की गुडघ्यावर. म्हणून मोठे ओढे सकाळीच ओलांडायचे. बूट काढून पट्ट्याची सँडल घाला, अनवाणी उतरू नका. पाणी इतकं गार असतं, की काही पावलांतच तळव्याला खालचा दगड कळेनासा होतो. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर पिशवी झटकून टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकवलेली, एका वेळी एकच पाय उचललेला. पलीकडे गेल्यावर पाय कोरडे पुसून मगच मोजे चढवा.

सामान आणि खाणं

किनाऱ्यावरच्या घरात लोकर नसते. म्हणून थंडीचे कपडे भाड्याने किंवा उसने घ्या आणि तीन थर ठेवा: आत घाम शोषून लवकर वाळणारा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, सगळ्यात बाहेर वारा-पाणी अडवणारा. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. भिजलेलं सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतं. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी डोळे पोळतात, त्यामुळे अतिनील किरण रोखणारा गॉगल हवाच. टोपी, हातमोजे, तीन-चार जोड्या मोजे, डोक्याला लावायचा टॉर्च आणि सनस्क्रीन विसरू नका.

खिंडीच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशालाच उकळतं. भात कुकरशिवाय नीट शिजत नाही, आणि कुकरमधलाही आपल्या घरच्यासारखा लागेल असं नाही. भूकही मंदावलेली असते, तरी ताटातलं संपवा. पिशवीत भाजलेले काजूगर आणि मालवणी खाजा ठेवा. बेसनाच्या शेवांवर गूळ-आल्याचा पाक चढवलेला खाजा थंडीत टिकतो आणि चालता चालता तोंडात टाकता येतो. आमसुलं आणि मीठ घालून पाणी प्यायलं, तर दिवसाचं तीन-चार लिटर सहज जातं.

आयोजक निवडताना

पैसे भरण्याआधी विचारा. पहिली रात्र कुठे? राखीव दिवस आहे का? प्राणवायूचा सिलिंडर आणि ऑक्सिमीटर सोबत असतो का? किती जणांमागे एक वाटाड्या? त्याने गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलंय का? कुणी आजारी पडलं तर खाली कोण नेणार? उत्तरं टाळणाऱ्याकडे जाऊ नका. परतीच्या तिकिटातही दोन दिवस मोकळे ठेवा, कारण दरड कोसळली तर रस्ता आपल्या रजेकडे बघून उघडत नाही.

दोन कार्यक्रम समोर असतील, एक स्वस्त आणि आटोपशीर, दुसरा एका दिवसाने लांब, तर लांबचा घ्या. त्या एका दिवसाचे पैसे बुटांत किंवा कपड्यांत वाचवता येतील, पण किनाऱ्यावरच्या माणसाला खिंडीत ज्याची गरज पडते, ते त्या दिवसाशिवाय दुसरीकडे कुठे मिळत नाही.