इन्सुलिन पहिल्याच महिन्यात

मधुमेह निघाला त्याच दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठीवर इन्सुलिन लिहिलं, की घरात काय होतं ते मी पुरतं पाहिलंय. गोळ्या लिहिल्या असत्या तर कुणी फारसं बोललं नसतं; आमच्या गल्लीत शुगरची गोळी घरोघरी आहे. इन्सुलिन म्हटल्यावर मात्र नणंदेचा फोन आला, मामांचा आला, शाळेतल्या बाई मुद्दाम घरी येऊन बसल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच : एकदा टोचायला लागलीस की जन्मात सुटायचं नाही. आधी गोळ्या घे, पथ्य कर, काढा घेऊन बघ. इन्सुलिन शेवटाला.

ही भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण ती आमच्याच घरातली आहे. माझे सासरे, आप्पा, वर्षानुवर्षं गोळ्यांवर होते. साखर तीनशेच्या खाली येत नव्हती. डॉक्टर इन्सुलिन सुचवायचे आणि आप्पा म्हणायचे, एवढी दिवाळी होऊ दे. शेवटी टोचायला सुरुवात झाली तेव्हा एक डोळा गेला होता आणि मूत्रपिंडं थकली होती. वर्षाच्या आत ते गेले. घराने हिशोब मांडला तो असा : इन्सुलिन लागलं आणि माणूस गेला. खरं तर इन्सुलिन यायलाच फार उशीर झाला होता. आपल्याकडे ते इतक्या उशिरा सुरू होतं, की लोकांना ते फक्त मरणाच्या शेजारी बसलेलं दिसतं.

माझं वय सेहेचाळीस, राहणं कऱ्हाडात, अंगाने मी पहिल्यापासून किरकोळ. दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं, ब्लाऊज ढगळ झाले, पाणी कितीही प्यायलं तरी घशाची कोरड जाईना. उपाशीपोटी साखर निघाली ३१८ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी १२.१. ती ६.५ झाली की मधुमेह म्हणतात, यावरून अंदाज यावा.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. साखर फार चढली, की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्या साखरेनेच गुदमरतात. आधीच कमी पडणाऱ्या पेशी आणखी मंदावतात, म्हणून साखर आणखी चढते. अशा वेळी बाहेरून इन्सुलिन देऊन साखर पटकन खाली आणली, तर त्यातल्या काही पेशी पुन्हा कामाला लागतात. ते म्हणाले, लंगडणाऱ्या बैलाच्या मानेवरचं जू काही दिवस उतरवायचं, एवढंच. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली निकाल आलेल्या मोठ्या अभ्यासातून असा अंदाज निघाला, की निदान होतं तोवर या पेशींची जवळजवळ निम्मी ताकद गेलेलीच असते. राहिलेली निम्मी जपायची तर वाट बघण्यात अर्थ नाही.

एकदा लागलं की सुटत नाही, याचंही उत्तर नंतर माझ्या वाचनात आलं. चीनमध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. थोडे दिवस इन्सुलिन किंवा गोळ्या देऊन साखर ताब्यात आणली, दोन आठवडे ती तशी राहू दिली आणि मग सगळी औषधं थांबवली. वर्षभरानंतरही औषधाशिवाय, फक्त आहार आणि व्यायामावर साखर ताब्यात असलेले रुग्ण पंपाने इन्सुलिन घेतलेल्यांत शंभरात एक्कावन्न होते, सुईने घेतलेल्यांत पंचेचाळीस आणि गोळ्यांवाल्यांत सत्तावीस. म्हणजे सुटतं. सगळ्यांचं नाही, कायमचंही नाही, पण सुटतं.

याचा अर्थ रिपोर्ट हातात आला की प्रत्येकाने इन्सुलिन मागावं असा अजिबात नाही. एचबीए१सी साडेसात आली, त्रास काही नाही, वजन उलट जास्तच आहे, अशा माणसाला आहार, चालणं आणि मेटफॉर्मिनसारखी गोळी यांनीच सुरुवात होते. हल्ली आठवड्यातून एकदा घ्यायची जीएलपी-१ जातीची इंजेक्शनंही आली आहेत. ती इन्सुलिन नव्हेत, आणि पुष्कळ रुग्णांत डॉक्टर इन्सुलिनच्या आधी त्यांचाच विचार करतात. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या सूचनांत सुरुवातीलाच इन्सुलिनचा विचार करायला सांगितलंय तो एचबीए१सी दहाच्या वर असेल, साखर तीनशे किंवा त्याहून जास्त असेल, आपोआप वजन घटत असेल किंवा तहान-लघवीचा त्रास ठळक असेल तेव्हा. लघवीत कीटोन आले, मोठं ऑपरेशन ठरलं, गंभीर जंतुसंसर्ग झाला किंवा बाई गरोदर असली, तर गणित पुन्हा वेगळं.

किरकोळ अंगाच्या माणसांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. बारीक माणसाला टाइप टू होत नाही असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय, की दिसायला सडपातळ भारतीयाच्या शरीरातही चरबीचं प्रमाण बरंच असतं. पण कधीकधी मोठ्या वयात हळूहळू येणारा टाइप वनच टाइप टू समजून गोळ्यांवर ठेवला जातो. अशा रुग्णाला इन्सुलिन लागतंच, आणि ते बंद करणं जिवावर बेतू शकतं. सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या रक्ततपासण्यांनी उलगडा होतो. माझ्या डॉक्टरांनी त्या दोन्ही करून घेतल्या, तेव्हा कुठे माझा जीव थाऱ्यावर आला.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते सांगते. मला बाटलीतलं मिश्र इन्सुलिन दिलं होतं, सकाळी सोळा युनिट आणि रात्री आठ. औषधाच्या दुकानातून बाटली आणि सिरिंजा एकाच पिशवीत मिळाल्या. मी नेमाने टोचत होते, पथ्य पाळत होते आणि साखर ढिम्म हलत नव्हती. घरात ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ सुरू झालं. पुढच्या भेटीत डोस वाढणार, तेवढ्यात दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, घरी वापरता ते सगळं साहित्य एकदा घेऊन या.’ त्यांनी सिरिंज हातात घेतली आणि टोपणाकडे बोट दाखवलं. टोपण केशरी होतं.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४०चं मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. १००च्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. दुकानदाराने ४०च्या बाटलीबरोबर १००ची सिरिंज दिली होती. त्यामुळे मी सोळाच्या रेघेपर्यंत भरत होते आणि पोटात जात होती साडेसहाहूनही कमी युनिटं. हे कळायच्या आत डोस वाढला असता आणि नंतर कधी योग्य सिरिंज हाती आली असती, तर एका दिवसात डोस अडीचपटीने चढला असता. उलटी गफलत तर आणखी घातक : १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत घेतलं, की वीसऐवजी पन्नास युनिट जातात. पेनमधलं इन्सुलिन १००चं किंवा त्याहून तीव्र असतं. ते सिरिंजने कधीही ओढून घेऊ नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा तोच असायला हवा. दुकानाच्या काउंटरवरच तो मोठ्याने वाचून घ्या, मागे कितीही रांग असो.

सिरिंज बदलली आणि आठवड्याभरात साखर उतरू लागली. तेव्हा समोरचं धूसर दिसायला लागलं. चढलेल्या साखरेला डोळ्याचं भिंग सरावलेलं असतं, ती उतरताना नंबर हलतो. म्हणून नवा चष्मा करायची घाई करू नये. काही आठवड्यांत दृष्टी स्थिर होते. डोळ्याचा पडदा मात्र निदान झाल्याझाल्या तपासून घ्यायचाच. ते थांबवण्यासारखं काम नाही.

साखर डाऊन होण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय हाताशी असतो. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला फळ्यावर लिहिताना माझ्या हातातला खडू थरथरायला लागला, मानेवर घाम फुटला. पट्टीवर ५८ दिसली. सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. चॉकलेटवर भिस्त ठेवू नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. मी शेजारच्या वर्गाच्या बाईंना हे शिकवून ठेवलं आणि टेबलाच्या खणात साखरेची डबी ठेवली. साधं मिश्र इन्सुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात जेवावं लागतं. एकादशी असो की नवरात्र, नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहायचं नाही. उपास करायचाच असेल तर डोस किती, हे आधी डॉक्टरांना विचारायचं.

बाकी गोष्टी सवयीने जमतात. टोचायची जागा रोज थोडी सरकवावी, नाहीतर गाठ धरते आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा.

सकाळची साखर ११०च्या आसपास आणि नंतर त्याहीखाली यायला लागली, तसा डॉक्टरांनी डोस उतरवत नेला आणि काही महिन्यांनी तो बंद केला. तो त्यांनी बंद केला, मी नाही. आज मेटफॉर्मिनवर माझी एचबीए१सी ६.८ आहे. दर तीन महिन्यांनी तपासते. चढली तर पुन्हा टोचायला घेईन.

ज्यांच्या घरात नुकतंच कुणाला इन्सुलिन लिहून दिलंय त्यांना हात जोडून विनंती. ‘आता सुटायचं नाही’ हे वाक्य त्या माणसासमोर बोलू नका. पहिल्या इंजेक्शनच्या वेळी शेजारी बसा, सिरिंजवरचा आकडा तुम्हीही वाचा, आणि साखर डाऊन झाली तर काय करायचं ते त्याच्याबरोबर तुम्हीही शिकून घ्या.