विधी-साहाय्य केंद्रे आणि संगणक

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. २०१७ साली देशात सुरू झालेल्या ‘टेली-लॉ’ योजनेमुळे गावच्या सेवा केंद्रातून (वीज असली तर!) वकिलाशी बोलताही येते. मंठा-जाफराबादकडच्या बाईची जालन्याची एस.टी. आणि दिवसाची मजुरी वाचते, हे खरेच. परंतु आमच्या वाडीवर घरात फोन बहुधा एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. तक्रार त्याच्याविरुद्धच असेल, तर तारखेचा संदेश पहिल्यांदा तोच वाचणार. तेव्हा माझ्या मते, केंद्रात संगणक येण्यापूर्वी नोंदवहीत एक रकाना वाढवावा : ‘निरोप कोणाकडे द्यावा?’ तेथे बाई भावाचा किंवा अंगणवाडीच्या ताईंचा क्रमांक सांगेल. पुढे संगणकावरच्या अर्जातही हाच रकाना नावाच्या खालोखाल असावा.