पाण्यावरची सफर

मुलांनो, उर्दूच्या तासाला तुमच्यापैकी पुष्कळांनी चाचा छक्कनची गोष्ट वाचली असेल. चाचा भिंतीवर एक तसवीर टांगायला निघतात आणि सारे घर कामाला लावतात. कोणी खिळे आणतो, कोणी हातोडी शोधतो, कोणी शिडी धरून उभा राहतो. काम एवढेसे, पण गोंधळ लग्नघराचा! इम्तियाज अली ताज यांनी ही गोष्ट अशा घरगुती थाटात लिहिली आहे की चाचा आपल्याच मोहल्ल्यातले वाटतात. पण या चाचांचे मूळ कोठे आहे, ठाऊक आहे का? ते आहे इंग्लंडमधल्या टेम्स नदीवरच्या एका नावेत.

जेरोम के. जेरोम या लेखकाचे 'थ्री मेन इन अ बोट' हे पुस्तक 1889 साली प्रसिद्ध झाले. तीन मित्र आणि एक कुत्रा वल्ह्याची नाव घेऊन किंग्स्टनहून ऑक्सफर्डकडे निघतात, एवढीच त्याची कथा. सफरीची तयारी चालू असताना लेखकाला आपल्या पॉजर काकांची आठवण होते. हे काकाही असेच तसवीर टांगायला उठतात. ताज यांनी त्यांना उर्दूत आणले, शेरवानी चढवली म्हणा ना, आणि ते चाचा छक्कन झाले.

जेरोमला खरे म्हणजे टेम्स नदी आणि तिच्या काठच्या गावांचा इतिहास सांगायचा होता. लिहिता लिहिता विनोदच वरचढ झाला. वाटेत हे तिघे अननसाचा बंद डबा बाहेर काढतात, तर तो उघडण्याचे हत्यारच घरी राहिलेले! चाकू, दगड, डोलकाठी, सर्व उपाय करून होतात. डबा वाकडातिकडा होतो, पण उघडत नाही. शेवटी तो नदीत फेकून देतात. घरी हा प्रसंग घडता तर कोणी दुकानातून दुसरा डबा आणला असता आणि गोष्ट तेथेच संपली असती. नदीच्या मध्यावर दुकान नसते, म्हणून गोष्ट तयार होते.

आता थोडे शब्दांविषयी. आपण घरी 'कश्ती' म्हणतो. मराठीत तिला होडी म्हणतात, नाव म्हणतात. 'नाव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे कश्तीही, तेव्हा वाक्य पाहून अर्थ ओळखावा. भंडारा-गोंदियाकडे झाडाचे खोड कोरून केलेल्या नावेला 'डोंगा' म्हणतात. मल्लाह म्हणजे नावाडी. नाव वळवण्याचे साधन ते सुकाणू. हा शब्द अरबीतून मराठीत आला आहे. 'सफर' आपल्या उर्दूत पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी: ती सफर, लांबची सफर. आणि सर्वांत फसवा शब्द 'दर्या'. उर्दूत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र! माझ्या वर्गातील एका मुलीने निबंधात लिहिले होते, "आम्ही सुटीत कन्हानच्या दर्यावर गेलो." नागपूरजवळ समुद्र आल्याचे वाचून मी मिनिटभर थांबले. चूक तिची नव्हती, दोन भाषांची होती.

जेरोमच्या आधीही अशा सफरींवर पुस्तके लिहिली गेली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1876 साली एका मित्राबरोबर दोन छोट्या नावा घेऊन बेल्जियम आणि फ्रान्समधील कालवे व नद्या फिरला. एका गावात खानावळवाल्यांनी त्यांना फेरीवाले समजून वागवले. एकदा पुराच्या पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाला अडकून त्याची नाव हातची गेली. वल्हे मात्र त्याने सोडले नाही. या सफरीवरचे पुस्तक 1878 साली निघाले. ते त्याचे पहिले पुस्तक.

पण मला सर्वांत आवडते ती एल. टी. सी. रोल्ट यांची हकिकत. इंग्लंडमध्ये आगगाडी येण्यापूर्वी कोळसा, माती, धान्य, सारा माल कालव्यांतून जात असे. नावा लांबट आणि जेमतेम सात फूट रुंद. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. कालव्याला चढ आला की तेथे दोन दरवाजांचा हौद असे. नाव हौदात शिरली की मागचा दरवाजा बंद करायचा आणि वरचे पाणी आत सोडायचे. पाणी भरेल तशी नाव वर चढते. मग पुढचा दरवाजा उघडतो. नावाड्यांची कुटुंबेच्या कुटुंबे नावेत राहत. मुले तेथेच लहानाची मोठी होत. पुढे आगगाड्या आल्या, मालमोटारी आल्या. कालव्यांत गाळ साचू लागला, दरवाजे कुजू लागले.

रोल्ट हे इंजिनिअर होते. 1939 च्या उन्हाळ्यात ते पत्नीसह 'क्रेसी' नावाच्या जुन्या लाकडी नावेत राहायला गेले आणि कालव्यांतून फिरू लागले. नावाडी काय खातात, नावेवर कोणती फुले रंगवतात, कोणता दरवाजा मोडला आहे, हे सर्व त्यांनी लिहून काढले. 'नॅरो बोट' हे त्यांचे पुस्तक 1944 साली, महायुद्ध चालू असताना, प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट एकमन या गृहस्थांनी त्यांना पत्र लिहिले. दोघे भेटले आणि 1946 साली कालवे वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे या दोघांचे पटले नाही, तो भाग वेगळा. पण जे कालवे बुजवून टाकायची भाषा होत होती, त्यांतील कितीतरी कालव्यांवर आज लोक सुटीत नावा घेऊन फिरतात.

तुम्ही म्हणाल, "मिस, हे सर्व विलायतेतले झाले. आपल्या हुडकेश्वरला कोठे आला कालवा आणि कोठे आली नाव?" खरे आहे. आपल्याला नावेत बसायचे म्हणजे शहर ओलांडून अंबाझरीला जावे लागे. जुम्मा तलाव जवळ आहे, पण त्याच्या काठाने आपण बसमधून जातो, पाण्याकडे बघतो कोण? मात्र नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोलीच्या वाटेने पूर्वेकडे गेलात तर मुलूखच तलावांचा लागतो. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. कोहळी समाजाच्या लोकांनी डोंगरांच्या मध्ये मातीचे बांध घालून ते तयार केले. त्यांतील एक मोठा तलाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. तलावाभोवती जंगल आहे आणि हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात.

या तलावाला आपला लेखक मिळाला. मारुती चितमपल्ली यांचा जन्म 1932 साली सोलापुरात झाला. ते वनखात्यात अधिकारी होते आणि नोकरीच्या निमित्ताने नवेगावबांधला राहिले. तेथे त्यांना माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जंगल जाणणारा सोबती भेटला. ढिवरांकडून आणि गोंडांकडून त्यांनी पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे विचारून घेतली आणि वहीत लिहून ठेवली. ढिवर म्हणजे मासेमारी करणारे लोक, डोंगा त्यांचाच. त्या वह्यांतून पुढे पुस्तके झाली, पक्षिकोश झाला. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक तर नावानेच त्या गावाचे. चितमपल्ली 2006 साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या मुलींना घेऊन नवेगावबांधला गेले होते. पहाटे हुडकेश्वर नाक्यावरून बस निघाली. डबे, चादरी, एक ढोलकी, सगळे बरोबर होते. तलावावर पोचायला आधीच उशीर झाला होता आणि मला सगळ्यांना एकाच फेरीत पाण्यावर न्यायचे होते. नावा दोनच होत्या. मी नावाड्याला म्हटले, "काका, मुली बारीक आहेत. बारा-बारा बसवा."

तो म्हणाला, "मॅडम, आठच बसतीन. नववी पोरगी दुसऱ्या फेरीत."

मला राग आला. मुलींसमोर त्याने माझे ऐकले नाही, याचा राग. मी आवाज चढवला, जास्त पैसे देऊ केले. त्याने वल्हे नावेत आडवे ठेवले आणि तो काठावर येऊन बसला. वादावादी नाही, काही नाही. शेवटी मीच नमले. आठ-आठ मुली जाकिटे घालून बसल्या आणि बाकीच्या माझ्याबरोबर झाडाखाली थांबल्या.

पहिल्या फेरीत मुलींनी गाणी म्हटली. पक्षी सारे उडून गेले. दुसऱ्या फेरीच्या वेळी मी गाणी बंद करायला सांगितली आणि प्रत्येकीला एकच काम दिले: नावाडीकाकांना पाच नावे विचारायची आणि लिहून आणायची. त्यांनी मरळ माशाचे नाव आणले, झिंगे आणले, पाण्यात पिकणारा शिंगाडा आणला. एका मुलीच्या वहीत पाचवे नाव एका पक्ष्याचे होते, पण पानावर पाणी पडून शाई पसरली होती. ते नाव तिला आठवेना, मला वाचता येईना.

18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची नाव उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. नावेत मावतील त्यापेक्षा जास्त मुले बसवली होती आणि पुष्कळांच्या अंगावर जाकिटे नव्हती. ती बातमी मी शिक्षकांच्या खोलीत वाचली. माझ्या डोळ्यांसमोर काठावर बसलेला तो नावाडी आला. मी त्याच्याशी ज्या आवाजात बोलले होते, तो आवाजही आठवला. त्या दिवशी निघताना मी त्याचे आभार मानले नव्हते.

यंदा पक्षी सप्ताहात आपल्याला नवेगावबांधला जायचे आहे. फेऱ्या कितीही कराव्या लागोत, घाई करायची नाही. ढोलकी घरी ठेवा. वही आणा आणि शाईचे पेन नको, पेन्सिल आणा. तो नावाडी भेटला तर मला त्याला दोन शब्द बोलायचे आहेत, आणि त्या पक्ष्याचे नावही पुन्हा विचारायचे आहे.