आधी नाव विचार

उमेळे, ता. वसई, जि. पालघर
रविवार, रात्री

चि. सोनू,

आज सकाळचा प्रकार बाबांनी तुला फोनवर सांगितला असेल. पण त्यांच्या सांगण्यात 'तुझ्या प्रोग्रामने घोळ घातला' यापलीकडे काही नसणार. नेमकं काय झालं आणि का झालं, ते मी लिहून पाठवते आहे. हे फोनवर समजावण्यासारखं नाही, आणि ते तुला एकदाच पण पक्कं समजावं, असं मला फार वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत तू बाबांसाठी 'हिशेब' नावाची पायथनची फाईल लिहिलीस. दादरला जाणाऱ्या सोनचाफ्याचा आणि मोगऱ्याचा हिशेब वाचायचा, कोणाकडे किती बाकी ते काढायचं आणि प्रत्येकाला मेसेज पाठवायचा, हे तिचं काम. बाबा महिनाअखेरीला त्या फाईलवर दोनदा क्लिक करतात आणि काम होतं. इतके महिने काही बिघडलं नाही. मला काल वाटलं, चाफ्याला शेकड्यामागे यंदा काय भाव मिळाला आणि गेल्या वर्षी काय मिळाला होता, ते ताडून पाहावं. तुझ्या फाईलमध्ये महिन्याची बेरीज करणारं फंक्शन आहे, तेही नीटनेटकं. मग तेच परत कशाला लिहा? आज सकाळी मी माझ्या लॅपटॉपवर नवी फाईल उघडली, पहिल्याच ओळीत तुझी हिशेबाची फाईल इम्पोर्ट केली आणि सहज रन करून पाहिली. अजून मी काहीच मागितलं नव्हतं. पण पडद्यावर ओळी धावू लागल्या: मेसेज पाठवला, मेसेज पाठवला, मेसेज पाठवला. कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत 14 मेसेज गेले होते. तुझा प्रोग्राम ज्या हिशेबाच्या वहीतून बाकी वाचतो, ती माझ्या लॅपटॉपवरची प्रत दिवाळीतली होती. त्यामुळे ज्यांनी पैसे कधीच चुकते केले आहेत, त्यांच्याकडेही उधारीची मागणी गेली.

दहा मिनिटांत दादरहून मावशींचा फोन आला. आजोबांच्या वेळेपासून त्या आपल्या वाडीतली फुलं घेतात. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, माझं तर संक्रांतीलाच चुकतं झालं होतं ना?" बाबांनी माफी मागितली आणि फोन ठेवून बराच वेळ ओटीवर बसून राहिले.

दुसऱ्याची फाईल इम्पोर्ट करण्याआधी ती शेवटपर्यंत वाचायला हवी होती, ही चूक माझी. पण मुळातली चूक त्या फाईलच्या शेवटच्या ओळीत आहे. 'सगळ्यांना कळव' हे फंक्शन तू तिथे डाव्या कडेला उघडंच बोलावून ठेवलं आहेस.

इम्पोर्ट म्हणजे फाईल नुसती वाचणं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. पायथन इम्पोर्ट करताना ती फाईल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवतो. 'डेफ'ने सुरू होणारा भाग आला की त्या फंक्शनचं नाव लक्षात ठेवतो आणि पुढे जातो, आतलं काही चालवत नाही. पण कडेला उघडी ओळ आली की ती तिथल्या तिथे चालते. सी किंवा जावात सुरुवात कुठून करायची, हे भाषेनेच ठरवलेलं असतं: मेन नावाच्या फंक्शनपासून. पायथनला तसं दार नाही. फाईलची पहिली ओळ हीच सुरुवात, मग ती फाईल तू स्वतः चालव किंवा दुसऱ्या कोणाला बोलावू दे.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर टर्मिनलवर पायथन उघड आणि 'इम्पोर्ट धिस' लिही. टिम पीटर्स यांनी लिहिलेली पायथनची 19 सूत्रं पडद्यावर येतील. तू काही छापायला सांगितलेलं नसतं, नुसतं इम्पोर्ट केलेलं असतं. आता तीच ओळ तिथेच पुन्हा लिही. काहीच येणार नाही. एकदा आणलेलं मॉड्यूल पायथन जवळ ठेवतो आणि त्या बैठकीत पुन्हा चालवत नाही. म्हणून अशी चूक फसवी असते. एकदा घडते, दुसऱ्यांदा तपासायला जावं तर सगळं शांत.

आता उपाय. प्रत्येक मॉड्यूलला पायथन स्वतःहून एक नाव देतो आणि ते एका ठरलेल्या खुणेखाली ठेवतो: दोन अंडरस्कोर, नेम, दोन अंडरस्कोर. बोलताना आम्ही 'डंडर नेम' म्हणतो. फाईल कोणी इम्पोर्ट केली, तर तिथे तिचं खरं नाव असतं, तुझ्या बाबतीत 'हिशेब'. पण तीच फाईल थेट चालवली, तर तिथे 'डंडर मेन' असतं, मग फाईलचं नाव काहीही असो. म्हणजे फाईलने फक्त स्वतःला विचारायचं: आत्ता मला कोणत्या नावाने हाक मारली आहे? शेवटी एवढंच लिहायचं (कीबोर्डवर अर्थात रोमन अक्षरांत):

इफ __नेम__ == '__मेन__':
    मेन()

आजी आठवते ना? घरी पहाटे उठून चूल पेटवणारी तीच. पण गावात कोणाच्या लग्नघरी तिला वड्यांच्या पिठासाठी बोलावलं, की ती पदर खोचून बाजूला बसायची. सांगितलं की पीठ मळून द्यायची, पण त्या घरची चूल कधी आपणहून पेटवायची नाही. हात तेच, कसब तेच. आपण कोणाच्या घरात उभ्या आहोत, एवढं तिला कळायचं. तुझ्या फाईलनेही हेच करायचं आहे.

दोन ठिकाणी मुलं हमखास अडखळतात. 'नेम'भोवती दोनऐवजी एकच अंडरस्कोर दिला, तर पायथन लगेच एरर देतो, म्हणजे तू वाचलास. पण अवतरणातल्या 'मेन'भोवती एकच दिला, तर एरर येत नाही. तुलना खोटी ठरते, फाईल मुकाट्याने संपते, आणि प्रोग्राम काहीच का करत नाही म्हणून माणूस तासभर डोकं धरून बसतो. मी बसले आहे. दुसरं म्हणजे, त्या इफच्या खाली शंभर ओळी कोंबू नकोस. तिथली व्हेरिएबल सगळ्या फाईलभर पसरतात, आणि एखादं फंक्शन नकळत त्यांच्यावर विसंबून राहतं. मग थेट चालवलं की चालतं, इम्पोर्ट केलं की मोडतं. सगळं काम मेन नावाच्या साध्या फंक्शनमध्ये ठेव, आणि इफखाली त्याला फक्त हाक मार. पायथनचे कर्ते गीडो व्हॅन रॉसम यांनी 2003 साली या मेन फंक्शनवर एक टिपण लिहिलं होतं. मेनला लागणारी माहिती बाहेरून देता यावी आणि त्याने निकाल परत द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे टर्मिनलवर बसून त्याला हवं तितक्यांदा बोलावून पाहता येतं.

ही ओळ दिसायला ओबडधोबड आहे, हे मलाही मान्य आहे. ती बदलायचे प्रयत्नही झाले. 2007 साली ब्रेट कॅनन यांनी मुख्य मॉड्यूल ओळखायची वेगळी रीत सुचवली होती, ती गीडो यांनी नाकारली. म्हणून तिला नावं ठेवत बसू नकोस, शिकून घे.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज आहे, म्हणून हेही लिहिते. पुढे एक काम चार प्रोसेसमध्ये वाटून द्यायची वेळ येईल. विंडोजवर पायथन प्रत्येक नवी प्रोसेस कोरी सुरू करतो आणि तिच्यात तुझी मुख्य फाईल पुन्हा आणतो. तिथे तिचं नाव 'डंडर मेन' नसतं, वेगळं असतं. इफ नसेल तर ती नवी प्रोसेसही आणखी प्रोसेस काढायला जाते, आणि पायथन एरर देऊन सगळं थांबवतो. मॅकवरही पायथन 3.8 पासून, म्हणजे 2019 पासून, हीच रीत आहे. लिनक्सवर मात्र अनेक वर्षं हे उघडं पडत नव्हतं. त्यामुळे 'माझ्या मशीनवर तर चालतं' हे वाक्य या बाबतीत अजिबात धरून चालू नकोस.

एकच फाईल दोन्ही कामांना यावी, यात खरी मजा आहे. टर्मिनलवर पायथन, मग 'उणे एम', मग कॅलेंडर आणि 2026 असं लिहून बघ. वर्षाचे बारा महिने समोर मांडले जातील. तेच कॅलेंडर आपल्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट कर. एक अक्षर छापलं जाणार नाही, पण लीप वर्ष कोणतं आणि महिन्याचा पहिला दिवस कोणता वार, हे विचारशील तेव्हा सांगेल. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांचं 'मायावी' पाहा. आकड्यांची त्रिमिती चित्रं काढणारं ते सॉफ्टवेअर आहे. ते स्वतंत्र प्रोग्राम म्हणून उघडता येतं, आणि आपल्या कोडमध्ये बोलावून त्याच्याकडून हवं तेवढंच चित्रही काढून घेता येतं. तुझी हिशेबाची फाईल लहान आहे, पण तिच्यातही बाबांसाठी एक काम आहे आणि माझ्यासाठी दुसरं. लिहिताना तुझ्या डोळ्यांसमोर फक्त बाबा होते. इथून पुढे प्रत्येक फाईल लिहिताना, ती उद्या कोणीतरी बोलावणार आहे, असं धरून लिही.

आज रात्रीच शेवटची ओळ इफखाली घे. मग रिकामी फाईल उघडून तिच्यात हिशेब इम्पोर्ट कर आणि रन कर. पडदा कोरा राहिला पाहिजे, एक ओळसुद्धा उमटता कामा नये. तपासताना मेसेज पाठवायचा भाग बंद ठेव आणि वही नकली घे. तोवर बाबांना मी त्या फाईलला हात लावू देणार नाही.

आणि दादरच्या मावशींना तू स्वतः फोन कर. बाबांनी माफी मागितली आहे, पण फाईल तू लिहिली आहेस. नंबर बाबांकडे आहे. दुपारी एकनंतर कर, तोवर त्या बाजारात असतात.

तुझी
आत्या