समाईक विहिरीच्या पाण्याची वाटणी
(इयत्ता सहावी व सातवी. विषय : अंकगणित. मार्गदर्शक पाठ)

शाळाभेटींच्या वेळी असे पुष्कळदा आढळते की, सहा भागिले तीन किती, असे विचारताच विद्यार्थी तत्काळ ‘दोन’ असे सांगतो. आणि सहा एकरांचे पाणी तीन कुटुंबांनी कसे वाटून घ्यावे, असे विचारले तरीही तो तेच उत्तर देतो. त्याचा भागाकार बिनचूक असतो. परंतु कुटुंबे का मोजली, माणसे का मोजली नाहीत, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवत नाही. कशाने भागावे हे भागाकार सांगत नाही. ते वाटणी करणाऱ्यांनी आधी ठरवावयाचे असते. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे, हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वज्ञान : अपूर्णांकांचा गुणाकार व भागाकार, गुणोत्तर व प्रमाण.

उदाहरण : शिक्षकाने पुढील माहिती फळ्यावर लिहावी. एका समाईक विहिरीच्या पाण्यावर हंगामात ६ एकर भिजते. अ कुटुंबात ५ माणसे असून त्याची जमीन १० एकर आहे. ब कुटुंबात ४ माणसे व जमीन ५ एकर. क कुटुंबात ३ माणसे, जमीन नाही.

वर्गाचे तीन गट पाडावेत व प्रत्येकास एकेक निकष द्यावा.
पहिला गट, कुटुंबागणिक सारखे : अ २, ब २, क २ एकर.
दुसरा गट, जमिनीच्या प्रमाणात : अ ४, ब २, क ०.
तिसरा गट, माणशी सारखे : एकूण माणसे १२, म्हणून माणशी अर्धा एकर. अ अडीच, ब दोन, क दीड.

तिन्ही उत्तरांची बेरीज ६ च येते, हे ताडून पाहावे. मग विचारावे, “यांपैकी चुकलेले उत्तर कोणते?” अंकगणिताच्या दृष्टीने एकही नाही. आता प्रत्येक कुटुंबाच्या बाजूने एकेका विद्यार्थ्यास बोलावयास सांगावे. विहिरीच्या खर्चात आपण अधिक पैसे घातले, असे अ म्हणू शकेल. जमीन नसली तरी दुसऱ्याचे शेत वाट्याने करता येते, असे क म्हणू शकेल. शिक्षकाने आपला निर्णय घाईने सांगू नये.

प्रत्यक्षातील दाखला : १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे अभियंते विलासराव साळुंखे यांनी ‘पाणी पंचायत’ उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवरून नव्हे, तर कुटुंबातील माणसांवरून ठरविण्यात आला : माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांचाही हक्क मान्य करण्यात आला. उसासारख्या फार पाणी घेणाऱ्या पिकास मनाई होती. म्हणजे वरील तिसऱ्या गटाचे गणित हे केवळ पुस्तकी गणित नव्हे.

अडीच एकरांच्या मर्यादेचा परिणामही पाहावा. अ कुटुंबात ७ माणसे आहेत असे धरू. माणशी अर्ध्या एकराने साडेतीन, दोन व दीड, मिळून ७ एकर होतात. पाणी तर सहाच एकरांचे. मर्यादा लावली की अ चा वाटा अडीच एकरांवर येतो व हिशेब ६ वर जमतो. मात्र मग अ च्या प्रत्येक माणसास अर्ध्या एकराहून कमी मिळते. मर्यादा न लावता ६ एकर १४ माणसांत वाटले, तर माणशी तीन सप्तमांश एकर येते. दोन्हींत न्याय्य कोणते, याची चर्चा विद्यार्थ्यांनीच करावी.

पाळीचे गणित : वाटा ठरला म्हणजे वाटणी संपली, असे नव्हे. मूळ उदाहरणात २४ तास ५ : ४ : ३ या प्रमाणात वाटले, तर अ ला १०, ब ला ८ व क ला ६ तास मिळतात. सकाळी ६ पासून अ, ब, क असा क्रम रोज ठेवल्यास क ची पाळी सदैव रात्री १२ ते सकाळी ६ येईल. तास बरोबर, पण थंडीत व विंचूकाट्याच्या भयात दारे धरणे नेहमी एकाच घराच्या वाट्याला! म्हणून क्रम फिरवावा : दुसऱ्या दिवशी ब, क, अ, तिसऱ्या दिवशी क, अ, ब.

सायंकाळी ६ ते सकाळी ६ ही रात्र मानून तीन दिवसांतील रात्रीचे तास विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. अ १४, ब १४, क ८ असे उत्तर येते. प्रमाणानुसार ते १५, १२, ९ हवेत. ब वर अद्याप भार अधिक आहे. पुढील तीन दिवस उलट क्रम ठेवावा : अ, क, ब, क, ब, अ, ब, अ, क. या तीन दिवसांत रात्रीचे तास १६, १०, १० येतात. सहा दिवसांची बेरीज ३०, २४, १८, म्हणजे प्रत्येक माणसामागे बरोबर ६ तास.

गृहपाठ : (१) वरील सहा दिवसांचे पाळीपत्रक तयार करा. (२) आपल्या गावात पाणी, चराई किंवा अन्य समाईक वस्तू कोणत्या निकषाने वाटली जाते, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा. दुसरा एखादा निकष घेऊन तीच वाटणी पुन्हा करा व कोणाचा वाटा वाढला, कोणाचा घटला, ते दाखवा.

उत्तरे तपासताना केवळ अंक पाहू नयेत. विद्यार्थ्याने निकष स्पष्ट शब्दांत लिहिला आहे की नाही, हे प्रथम पाहावे. भागाकार त्यानंतर तपासावा.